राधेला प्रकरण नाही

मुदखेड म्हणजे फुलांचं गाव. दुपारी ओसरीवर झेंडू ओवता ओवता शेजारच्या मावशी सप्त्यातल्या कीर्तनाबद्दल बोलत होत्या. आदल्या रात्री महाराजांनी कर्णाची कथा लावली होती. सुईत दोरा घालत मावशींनी मला विचारलं, ‘कर्ण पडला तवा राधाबाई कुठं व्हती ओ?’ मावशींनी स्वतः जावेचा पोरगा वाढवलाय. सव्वा महिन्याचा असताना तो त्यांच्या ओटीत घातला. गल्लीला ठाऊक, पोरालाही ठाऊक. तो एकीला आई म्हणतो, एकीला माय. मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन कपाट धुंडाळलं, तर तिथंही उत्तर नव्हतं.

शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ 1967ची. सहा जण बोलतात त्यात: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटी कृष्ण. जिनं मूल नदीत सोडलं त्या कुंतीला प्रकरण आहे, जिनं अंगावर घेऊन वाढवलं त्या राधेला नाही. धाकटा भाऊ शोणसुद्धा बोलून घेतो, राधा ऐकत राहते. रणजित देसाईंनी 1973 साली कादंबरीला नावच ‘राधेय’ दिलं. नाव राधेचं, पण दुःख सगळं कुंतीच्या मुलाचं. दोन्ही कादंबऱ्यांवर मराठी वाचकानं भरभरून प्रेम केलं, मीही रडलोय. पण दत्तक म्हटलं की डोळ्यांपुढं कर्णच उभा राहायचा, ही खोड त्यांनीच लावली. मोठ्या घरचं रक्त लहान घरात अडकलंय, एक दिवस ते आपला हक्क मागायला निघणार, हा तो साचा. त्यात वाढवणारं घर म्हणजे निव्वळ वाटेतली धर्मशाळा.

त्याच 1967च्या ‘युगान्त’मध्ये इरावती कर्व्यांनी कर्णावरच्या लेखाला ‘मी कोण?’ असं नाव दिलं आणि त्याच्यासाठी अश्रू न ढाळता त्याचं हे वेड तपासलं. ‘पितापुत्र’मध्ये त्यांनी विदुर आणि धर्मराजाच्या नात्याची शंका काढली, तीही वकिली बाण्यानं. इरावतीबाई ब्रह्मदेशात जन्मल्या आणि पुण्यात रँग्लर परांजप्यांच्या घरी वाढल्या. आपल्या आणि परक्या घरातलं अंतर त्यांना पुस्तकातून शिकायची गरज नसावी, असं मला उगाच वाटतं.

खरं तर आपल्याकडं दत्तक हे कधी गुपित नव्हतंच. 1875 साली कवळाण्याचा गोपाळराव बडोद्याच्या गादीवर सयाजीराव म्हणून बसला, 1884 साली कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव कोल्हापूरचा शाहू झाला. होम, भाऊबंद, पंगत, सगळं वाजतगाजत. पोरगा बहुधा नात्यागोत्यातलाच, आणि पोरगाच. मुलगी दत्तक घ्यायला 1956च्या कायद्यानं वाट केली. सांगलीचा गणेश आत्माराम खांडेकर दत्तक जाऊन विष्णू सखाराम झाला, त्याच नावानं मराठीत अमर झाला. यात लपवायचं काय? लपवाछपवी सुरू होते ती पोट अनोळखी असलं की. तिथंही फुल्यांनी काही लपवलं नाही. 1863 साली त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, काशीबाई या ब्राह्मण विधवेचं मूल 1874 साली आपलं केलं, आणि 1887च्या मृत्युपत्रात त्या मुलाचं, यशवंताचं, नाव उघड घातलं. या घरात गुपित नाही. म्हणूनच की काय, कथाकारांचं मन तिथं फार रमत नाही.

गुपितावर जगणारं साहित्य पाहायचं तर अमेरिकेतल्या आमिश पंथावरच्या कादंबऱ्या पाहाव्यात. मोटार न चालवणाऱ्या, घोडागाडीतून फिरणाऱ्या या शेतकरी समाजावर तिकडं कादंबऱ्यांचा एक मोठा बाजार उभा आहे. बेव्हर्ली लुइस यांच्या 1997च्या ‘द शनिंग’मध्ये केटी नावाच्या मुलीला माळ्यावर तान्ह्या बाळाचं साटीनचं अंगडं सापडतं. साध्या कापडाच्या त्या घरात साटीन आलं कुठून? ती दत्तक निघते, आणि जन्मदाती निघते श्रीमंत. म्हणजे कवचकुंडलांच्या जागी साटीन आलं, बाकी कर्णच. पेनसिल्व्हेनिया ते हस्तिनापूर, कथा एकच, हे पाहून मला हसू आलं.

हा साचा मराठीत मोडला तो शरणकुमार लिंबाळ्यांनी. ‘अक्करमाशी’ला (1984) दत्तकाची गोष्ट म्हणता येणार नाही, पण नात्याची आहेच. बाप कोण हे गावाला माहीत. अडतं ते शाळेत नाव घालताना. आजी संतामाय आणि तिच्याबरोबर राहणारा, रक्तानं कुणाचाच काही न लागणारा महमूद दस्तगीर जमादार, ही दोन माणसं पोराला सांभाळतात. त्या म्हाताऱ्या दादाची माया ज्या आडदांड साधेपणानं पानावर येते, तशी वाढवणाऱ्या माणसाची माया मला कादंबरीत क्वचितच भेटली.

मग 2018चा ‘नाळ’. दिग्दर्शक म्हणून सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा पहिलाच चित्रपट, वैदर्भी बोलीतला. चैत्या नावाच्या पोराला कळतं की आपण दत्तक आहोत, आणि ते कळतं बोलण्याच्या ओघात. माळा नाही, पेटी नाही. आपल्याकडं गुपितं फुटतात ती अशीच, तोंडातून. त्यानंतर पोरगा आईकडं बघायला लागतो ते झडती घेतल्यासारखं: वाढताना हात आखडला का, हाक मारताना आवाज बदलला का. आणि गोठ्यात एक म्हैस. तिचं रेडकू गेलंय, म्हणून पेंढा भरलेलं रेडकू तिच्यापुढं ठेवतात, ती चाटते आणि पान्हा सोडते. चैत्या बघतो. म्हैस फसली की तिनं मानून घेतलं? दिग्दर्शक सांगत नाही. देविका दफ्तरदारांनी ही आई, सुमी, उभी केलीय ती जवळजवळ शब्दांवाचून, नुसत्या हातांनी आणि पाठीनं. राधेला एक प्रकरण मिळालं असतं तर ते असंच मुकं असतं.

2023च्या दुसऱ्या भागात चैत्या जन्मगावी जातो. डोंगर देखणे आहेत, त्याच्या धाकट्या बहिणीचं, चिमीचं काम करणारी त्रिशा ठोसर लोभस आहे, थेटरात लोक डोळे पुसत होते. मी मात्र सगळा वेळ सुमीचा चेहरा शोधत होतो. कॅमेऱ्याला रक्ताच्या गावाची घाई झाली होती.

मावशींना मोबाइलवर पहिला भाग लावून दिला. म्हैस आली तेव्हा त्यांनी ओवायचं थांबवलं, माळ मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, ‘मागं घ्या जरा, परत दाखवा.’