पावतीवरचं नाव

उन्हाळ्यातला रविवार. चर्चच्या आवारातली तुतीची झाडं फादरनी तोडायला लावली आहेत, कारण त्यांच्यावर मधमाश्या येतात. दुपारच्या जेवणानंतर, जरा पाठ टेकायच्या वेळेला, शाळेत शिकवणाऱ्या सिस्टर फादरच्या घरी जातात आणि टेबलाभोवती बसून सकाळच्या मिस्सेत जमलेली नाणी मोजतात. कॉन्व्हेंटमधला स्टोव्ह जुना झाला आहे, नवा हवा आहे. तो मागायचा कसा, हा मदर सुपीरियरपुढचा प्रश्न आहे. जे. एफ. पॉवर्स या अमेरिकन लेखकाच्या ‘द लॉर्ड्स डे’ या कथेचा ऐवज जवळजवळ एवढाच. १९४७ साली आलेल्या ‘प्रिन्स ऑफ डार्कनेस’ या त्यांच्या पहिल्या संग्रहात ती आहे. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातले कॅथलिक धर्मगुरू हा पॉवर्स यांचा आयुष्यभराचा विषय. हे धर्मगुरू प्रार्थनेपेक्षा कर्ज, छप्पर, मोटार आणि बिशपची मर्जी यांतच जास्त अडकलेले दिसतात.

गेल्या मे महिन्यात मी ही कथा मराठीत आणत होते. लहानशी कथा, आठवड्याभरात होईल असा अंदाज होता. महिना लागला. अडचण वाक्यांची नव्हती. चर्चमध्ये पैसे गोळा करणं, देणं, मोजणं या साध्या गोष्टींसाठी कुठला मराठी शब्द घ्यावा, तिथे मी अडत होते. त्या अडण्यातून या कथेविषयी आणि आपल्या भाषेविषयी जे कळलं, ते इथे मांडते.

पहिली अडचण शीर्षकाची. ‘रविवार’ म्हणावं तर तो सूर्याचा वार. दिल्लीच्या मे महिन्यात तो अर्थ नको तितका खरा वाटतो, पण प्रभू त्यातून निघून जातो. ‘प्रभूचा दिवस’ म्हणावं तर मराठी बायबल वाचणाऱ्याला त्यात दोन अर्थ ऐकू येतात: आठवड्यातला उपासनेचा दिवस, आणि चोरासारखा अवचित येणारा शेवटच्या न्यायाचा दिवस. इंग्रजीत या दोहोंसाठी शब्दांची मांडणी वेगळी असते. मराठीत एकच षष्ठी दोन्ही काम करते. कथेला हा दुसरा अर्थ शोभतो. सिस्टर नाणी मोजत असताना मोजायला लावणाऱ्याचाही हिशेब कुठेतरी चालू आहे, असं वाचताना सारखं वाटत राहतं. तेव्हा शीर्षक ‘प्रभूचा दिवस’ ठरलं.

दुसरी अडचण संबोधनाची. फादर सिस्टरांना ‘तू’ म्हणतील की ‘तुम्ही’? इंग्रजीला हा प्रश्न पडत नाही. पहिल्या खर्ड्यात मी ‘तू’ लिहिलं, फादरांचा तोरा वाचकाला पटकन कळावा म्हणून. तो खर्डा मी आमच्या मजल्यावर राहणाऱ्या मावशींना वाचून दाखवला. मावशी मूळच्या वसईच्या. नोकरीच्या निमित्तानं दिल्लीला आल्या आणि गेली तीस-पस्तीस वर्षं इथल्याच झाल्या. त्या म्हणाल्या, “अगं, फादर सिस्टरला तू कशाला म्हणतील? ‘सिस्टर, तुम्ही एवढं मोजून घ्या’ असं म्हणतील. त्यातच सगळं आलं.” खरंच आलं. पॉवर्स यांच्या कथेतली सत्ता आवाज चढवत नाही. ती आदरार्थी बहुवचनात काम सांगते, आणि म्हणूनच तिला नाही म्हणता येत नाही. ‘तू’ लिहून मी फादरांना खलनायक केलं होतं आणि कथा सोपी करून टाकली होती.

तिसरी अडचण मूळ शब्दाची. ताटातून फिरवून जमवलेल्या त्या पैशांना काय म्हणायचं? दान? देणगी? अर्पण? वर्गणी? हे शब्द एकमेकांच्या जागी सहज बसतात असं वाटतं, पण प्रत्येकाचा स्वभाव निराळा. दान दिलं की हात झटकायचे. परत विचारायचं नाही. देणगी दिली की फरशीवर किंवा पंख्याच्या पात्यावर नाव येतं. अर्पण देवाला असतं, माणसं फक्त ते पोचवतात. वर्गणी हा यातला सगळ्यात व्यवहारी आणि मला वाटतं सगळ्यात लोकशाही शब्द. १८९३ नंतरच्या सार्वजनिक गणेशोत्सवानं तो घराघरांत नेला. एकावन्न रुपये वर्गणी देणाराही मांडवात उभा राहून ‘यंदा रोषणाईवर फार उधळलंत’ असं ऐकवू शकतो. वर्गणी म्हणजे वाटा, आणि वाट्याबरोबर कुरकुरीचा हक्क येतो.

पॉवर्स यांच्या सिस्टरांना तो हक्क नाही. पैसे मोजायचे त्यांनी. स्टोव्हचा निर्णय मात्र फादरांचा. तेव्हा त्या टेबलावरच्या नाण्यांना वर्गणी म्हणणं खोटं झालं असतं.

हे सगळं घोळत असतानाच मावशींच्या हातात एक पावतीपुस्तक होतं. त्यांच्या पॅरिशच्या सभागृहाचं छप्पर पावसाळ्याआधी दुरुस्त करायचं होतं. दिल्लीत शाळांना सुट्टी लागली की केरळच्या, मंगळूरच्या, गोव्याच्या गाड्या भरतात आणि चर्चची बाकं रिकामी होतात. म्हणून जे काय जमवायचं ते एप्रिलअखेरच. एका संध्याकाळी चर्चच्या आवारात छोटी जत्रा झाली: सरबत, कटलेट, लकी ड्रॉ, आणि ज्याला वसईत हाउजी म्हणतात आणि दिल्लीत तंबोला, तो खेळ. मीही तिकीट घेतलं. आकडे इंग्रजीत पुकारले जात होते, चिडवाचिडवी मल्याळम आणि कोंकणीत चालली होती, आणि स्वयंपाकाच्या बाजूनं सादरी ऐकू येत होती.

वसईच्या मराठीत पॅरिशला एक सुंदर शब्द आहे: धर्मग्राम. नंदाखाल, निर्मळ, सांडोर, पापडी. गाव आधीच होतं, धर्म त्यात राहायला आला. शेत, विहीर, क्रूस, लग्नाचा मांडव, सगळं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. दिल्लीत ग्राम नाही. नवी दिल्ली वसत असताना हेन्री मेड या इंग्रज वास्तुविशारदानं गोल डाकखान्याजवळचं सेक्रेड हार्ट कॅथीड्रल उभारलं, ते राजधानीच्या आराखड्यात शोभेल असं. त्याच्याभोवती गाव नव्हतंच. आज राजधानीच्या आसपासच्या पॅरिशमध्ये माणसं आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटरवरून येतात. २०१२ पासून सिरो-मलबार पंथाचा फरिदाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तेव्हापासून एकाच वस्तीवर दोन धर्मप्रांतांचे नकाशे आहेत. अशा ठिकाणी ‘आपण कोण’ याचं उत्तर बऱ्याच अंशी पावतीपुस्तक देतं. यादीत नाव आहे तो आपला.

जत्रेनंतर काही दिवसांनी मावशी माझ्याकडे चहाला आल्या, जरा गप्प होत्या. मग म्हणाल्या, “पाचशेच्या खाली पावती फाडायची नाही असं कमिटीत ठरलं होतं. कागद तरी किती घालवायचा! ती आपली झारखंडची मुलगी आली, शंभर रुपये घेऊन. पावती मागितली तिनं. मी म्हटलं, पेटीत टाक, देवाला कळतं.” थोड्या वेळानं त्या पुढे म्हणाल्या, “देवाला कळतं गं. पण यादी तर आम्हीच छापतो.”

‘आपली झारखंडची मुलगी’ आमच्या सोसायटीत चार घरी काम करते. रविवारी हिंदी मिस्सेत गाते. जत्रेच्या संध्याकाळी कटलेट तीच तळत होती.

इथे मला युनिस डिसूझा यांची ‘फीडिंग द पुअर अॅट ख्रिसमस’ ही कविता आठवली. पुण्यात वाढलेल्या, गोवन कॅथलिक घरातल्या या कवयित्रीचा ‘फिक्स’ हा पहिला संग्रह १९७९ सालचा. ही कविता देणाऱ्यांच्या तोंडून बोलते: आम्ही दर नाताळला गरिबांना जेवू घालतो, तासभर उशिरा पोचतो, ताटं आणा, पुन्हा मागू नका, आमच्यासाठी रोज माळ जपा. घेणाऱ्यांचा एकही शब्द आपल्याला थेट ऐकू येत नाही. त्यांनी काय मागितलं असेल ते देणाऱ्यांच्या नकारांवरून ताडायचं. ही युक्ती फार अचूक आहे, आणि मी ही कविता वर्षानुवर्षं मित्रमंडळींत वाचून दाखवत आले. यंदा पहिल्यांदा तिच्यातली एक उणीव जाणवली. या कवितेत वाचकाला बसायला फार सोयीची खुर्ची आहे. आपण कवयित्रीशेजारी बसतो आणि त्या बायांना हसतो. ‘मी असं बोलले नसते’ असं मनाशी म्हणायला कविता आपल्याला मोकळीक देते. मावशी त्या बायांसारख्या बोलत नाहीत. त्या प्रेमानं बोलतात, देवाचं नाव घेऊन बोलतात, आणि तरी पावती फाडत नाहीत. त्या वाक्यापर्यंत हा उपहास पोचत नाही.

तिथे पॉवर्स पोचतात, पण त्यांनाही चाळीस वर्षं लागली. १९४७ च्या कथेत ते मोजणाऱ्यांच्या बाजूला उभे आहेत. १९८८ साली आलेल्या ‘व्हीट दॅट स्प्रिंगेथ ग्रीन’ या कादंबरीत त्यांनी जमवणाऱ्याची बाजू घेतली. जो हॅकेट हा उपनगरातल्या पॅरिशचा धर्मगुरू. वेदीवरून पैशाची भाषा होऊ नये अशी त्याची मनापासून इच्छा, आणि पैशाशिवाय पॅरिश चालत नाही हे त्याला रोज दिसणारं सत्य. तो वाईट माणूस नाही. त्याचा राग येत नाही, त्याची दया येते. या कादंबरीतला एक विनोद मी विसरू शकत नाही. त्याच्या हाताखाली नवा तरुण फादर येतो. त्याचं नाव बिल आहे एवढंच जोला माहीत. आडनाव ठाऊक नाही, आणि आता विचारायची लाज वाटते. दोघं एका छपराखाली राहतात, आणि पॅरिशचे हिशेब जाणणाऱ्या माणसाला शेजारच्या खोलीतल्या माणसाचं पूर्ण नाव माहीत नाही. पॉवर्स हा प्रसंग हलक्या हातानं लांबवत नेतात, आणि हसता हसता वाचक अस्वस्थ होतो.

जूनमध्ये मावशी पुन्हा आल्या, पावतीपुस्तक घेऊन. कमिटीला न विचारता त्यांनी शंभराची पावती फाडायचं ठरवलं होतं. “तिचं आडनाव काय गं?” त्यांनी मला विचारलं. मला सांगता आलं नाही. ती ज्या चार घरी कामाला जाते त्यांतलं एक माझं आहे, आणि ती चार वर्षं येते आहे.

यात मला जास्त खुपतं ते आणखी एका कारणानं. वसईत १९१८ साली मॉन्सिनिअर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकारानं एक पतसंस्था सुरू झाली. तीच पुढे बॅसिन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक झाली. त्याच्या नऊ वर्षं आधी, १९०९ मध्ये, रांचीकडे जॉन हॉफमन या जेझुइट धर्मगुरूनं छोटानागपूर कॅथलिक सहकारी पतसंस्था उभी केली होती. हा तोच हॉफमन, ज्याच्या नावावर ‘एन्सायक्लोपीडिया मुंडारिका’ हा मुंडारी भाषेचा प्रचंड कोश आहे. शब्द गोळा करणाऱ्या माणसानंच शेतकऱ्यांचे पैसेही एकत्र आणले, हे अनुवादकाला सुखावणारं आहे. दोन्हीकडे उद्देश सारखाच: सावकाराच्या पाशातून सुटका. आणि दोन्हीकडे लहानातल्या लहान ठेवीलाही खात्याच्या वहीत नाव होतं. तिथे तुम्ही दाते नसता, सभासद असता. म्हणजे मावशी आणि ती मुलगी दोघीही अशा मुलखांतून आल्या आहेत, जिथे गरिबाच्या नाण्याची नोंद ठेवणं हा चर्चच्याच कामाचा भाग होता. राजधानीत येता येता ती नोंद गळून पडली. एक पावती फाडणारी झाली, दुसरी पेटीत टाकणारी.

या सभासदाची गोष्ट मराठीत लिहिली गेली पाहिजे, आणि ती लिहायला लागणारी भाषा आपल्याकडे आहे. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ च्या ‘क्रिस्तपुराणा’पासून मराठीनं ख्रिस्ती श्रद्धेला ओवी दिली. वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकानं पिढ्यान्‌पिढ्या लिहिते हात घडवले. त्याचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांचं ‘सुबोध बायबल’ माझ्या टेबलावर शब्दकोशाच्या शेजारी असतं. पण माझ्या वाचनातल्या मराठी ख्रिस्ती लेखनात पैसा बहुतेकदा त्याग किंवा सेवा या रूपातच येतो. चिल्लर, पावती, कमिटीतली कुरबुर, छपराचं अंदाजपत्रक यांना ललित गद्यात जागा मिळताना मला दिसली नाही. अपवाद आठवतो तो प्रॉटेस्टंट घरातला: लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. नवरा मोकळ्या हातानं देऊन टाकणारा आणि बायको प्रत्येक रुपयाचा हिशेब ठेवणारी. त्या हिशेबातून लक्ष्मीबाईंना विनोद सापडला, माणसं सापडली, आणि शेवटी श्रद्धाही सापडली. १९३४ पासून ती वाट मोकळी आहे.

माझ्या अनुवादात शेवटी असं ठरलं: फादरांच्या तोंडी ‘दान’, निवेदनात ‘जमा’, आणि सिस्टरांच्या तोंडी नुसते ‘पैसे’. मोजणाऱ्याला दुसरा शब्द लागत नाही, हे मावशींचं म्हणणं. ‘वर्गणी’ हा शब्द मी कथेत कुठेच वापरला नाही. तो मी राखून ठेवला आहे, ज्या कथेत तो खरा ठरेल तिच्यासाठी.

मुलीचं आडनाव मी दुसऱ्या दिवशी तिलाच विचारलं. तिनं सांगितलं, आणि पावतीवर ते हिंदीत लिहा म्हणाली. इंग्रजी तिला वाचता येत नाही.