रुंदीचा मोह

आमच्या शेळगावात बर्फ भेटतो तो उसाच्या रसात. तरीही स्कीची फळी रुंद घ्यावी की अरुंद, या वादात मी तोंड घालणारच. कारण भवानीनगरच्या कारखान्याला ऊस नेणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांवरून हा वाद आमच्याकडे कधीच होऊन गेलाय. लोखंडी धावेचं चाक ओल्या काळ्या रानात रुततं, रबरी टायर वरच्यावर निघतो. बर्फातही तेच. पायाखाली 100 मिलिमीटरच्या पुढची फळी ताज्या भुसभुशीत बर्फावर तरंगते; तिथं तिचा मान मोठा.

पण टेरेन पार्क म्हणजे भुसभुशीत रान नव्हे. ते यंत्रानं दाबून घडवलेलं अंगण. उड्यांसाठी उंचवटे, घसरायला लोखंडी रूळ. तिथं 85-90ची फळी एका कडेवरून दुसरीवर चटकन कलते, गिरकी घेताना पायाला जड होत नाही. रुंदवाले म्हणतात, उतरताना आधार मिळतो. मिळतो की! पण त्याआधी उडावं लागतं, रुळाच्या तोंडाशी नेमकं पोचावं लागतं. चुकलं तर गुडघा आपला जातो, सल्ला देणाऱ्याचा नव्हे.

पार्काबाहेर ताज्या बर्फातही हिंडायचं असेल, तर 95च्या आसपास तडजोड करावी. लांबीचा तंटा निराळा, त्याला आणखी एक ग्लास रस लागेल.