तक्त्यातले उपग्रह आणि आकाशातले उपग्रह

दहावीच्या विज्ञानाच्या २०१८ साली आलेल्या पाठ्यपुस्तकात 'अवकाश मोहिमा' हा पाठ आहे. कक्षांची उंची, उपग्रहाचा वेग, प्रक्षेपकाचे कार्य हे सारे त्यात नेटके मांडले आहे. अवकाशातल्या कचऱ्याचा प्रश्नही लेखकांनी सोडलेला नाही, याबद्दल त्यांना धन्यवाद. मात्र उपग्रहांचे कार्यानुसार प्रकार सांगणाऱ्या तक्त्याविषयी आमची तक्रार आहे. त्यात हवामान, संदेशवहन, दिशादर्शन, पृथ्वी-निरीक्षण यांच्या रांगा वेगळ्या आणि सैनिकी उपग्रहांची रांग वेगळी. मुले तक्ता पाठ करतात आणि त्यांची समजूत होते, की संरक्षणाचे उपग्रह निराळे आणि बाकीचे आपल्या रोजच्या कामाचे. वस्तुस्थिती तशी नाही.

दिशादर्शन घ्या. जीपीएस ही यंत्रणा अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९७३ पासून उभारली. मे २००० पर्यंत नागरिकांना मिळणारा संकेत मुद्दाम बिघडवलेला असे. जागा सुमारे १०० मीटरने चुकू शके. आपल्या 'नाविक'च्या उपग्रहांतूनही दोन सेवा मिळतात. एक सर्वांना खुली, दुसरी सांकेतिक, केवळ अधिकृत वापरासाठी. मग हा उपग्रह कोणत्या रांगेत लिहायचा?

संदेशवहनाचेही तसेच. लोणावळ्याच्या मुलांना आयएनएस शिवाजी परिचयाची आहे. नौदलाचे तांत्रिक शिक्षण तेथे १९४५ पासून चालते. त्याच नौदलासाठी ३० ऑगस्ट २०१३ रोजी जीसॅट-७ सोडला गेला. तक्त्यात मात्र जीसॅट मालिका संदेशवहनाच्या रांगेत आहे.

आता निरीक्षण. आषाढात मावळचे डोंगर ढगांत बुडतात, तेव्हा साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला फक्त ढगांची पाठ दिसते. रडार उपग्रह स्वतः रेडिओ लहरी सोडतो आणि परत येणाऱ्या लहरी मोजतो. या लहरी ढगांतून पार जातात. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यानंतर, एप्रिल २००९ मध्ये सोडलेला रिसॅट-२ याच तंत्राचा. २०१२ चा रिसॅट-१ भातपिकाच्या पाहणीसाठीही उपयोगी पडला. भाताचे खाचर आणि सीमेवरची छावणी पाहण्याचे तत्त्व एकच.

कोणी म्हणेल, शाळेतला तक्ता सोपाच असायला हवा. खरे आहे. पण सोपे करताना मुख्य प्रश्नच गळू नये. उपग्रह कोणाच्या ताब्यात आहे आणि तो बिघडला तर कोणाचे काम अडेल, हा तो प्रश्न.

लोहगडाच्या सहलीत हा विषय चांगला शिकवता येईल. शेजारचा विसापूर लोहगडाहून थोडा उंच. १८१८ मध्ये इंग्रजांनी विसापूर घेतला आणि लोहगड लढाईविना त्यांच्या हाती आला. उंचीचे महत्त्व मावळाला जुनेच ठाऊक आहे. परंतु ही उपमा येथेच थांबवावी. उपग्रह उंच असला तरी त्याचा संकेत फार दुबळा असतो. जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटरवर असतात. फोनपर्यंत पोहोचेतो त्यांचा संकेत नेहमीच्या रेडिओ गोंगाटाखाली दबलेला असतो. जमिनीवरचे छोटे प्रक्षेपक यंत्रही तो बुडवू शकते किंवा खोटा संकेत पुरवू शकते. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात मुख्यतः अमृतसर व जम्मू भागात विमानांच्या बाबतीत असे ४६५ प्रकार नोंदले गेल्याचे सरकारने संसदेत सांगितले.

दुसरी नाजूक बाजू घड्याळाची. संकेत किती वेळात आला यावरून अंतर काढतात. एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर अंतर ३०० मीटरने चुकते. नाविकच्या पहिल्या उपग्रहातील अणुघड्याळे बंद पडली. २०२३ च्या एनव्हीएस-०१ मध्ये स्वदेशी अणुघड्याळ बसवले गेले. जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला एनव्हीएस-०२ मात्र ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही. सुरक्षितता एकदा उड्डाण करून मिळत नाही, ती सतत राखावी लागते, हे मुलांना यातून कळेल.

एक प्रयोग सुचवतो. उपग्रहांची संख्या दाखवणारे अ‍ॅप फोनमध्ये घ्या आणि फोन विमान-स्थितीत ठेवा. लोहगडाच्या माथ्यावर, पायथ्याच्या झाडीत आणि भाजे लेण्यांच्या आत किती उपग्रह सापडतात ते नोंदवा. जागा आणि वेळ मिळून चार अज्ञात राशी असतात, म्हणून किमान चार उपग्रह लागतात. लेण्यात ते का मिळत नाहीत, हे मुलांनाच विचारा. फोन काहीही पाठवत नसताना जागा कळते, यावरून 'उपग्रह आपल्यावर पाळत ठेवतो' ही समजूतही तपासता येईल.

पुस्तक बदलेल तेव्हा बदलेल. तोवर शिक्षकांनी फळ्यावर त्या तक्त्याला दोन रकाने जोडावेत: 'आणखी कोण वापरतो?' आणि 'बंद पडला तर काय अडेल?' ते मुलांनी भरावेत.