चेहरा नसलेला राजपुत्र

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस दौंडला कॉम्प्युटर क्लास लावलेल्या पोरांना डॉस किती आलं ते सोडा, ‘प्रिन्स’ मात्र सगळ्यांना यायचा. क्लासची वेळ एक तास आणि ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’तल्या राजकन्येची मुदतही बरोबर ६० मिनिटं. त्यामुळे खेळ पुरा होण्याआधीच पुढची बॅच दारात उभी. शिरूरच्या मावसभावाचंही हेच रडगाणं. त्याच्या क्लासातल्या कुणीतरी ‘मेगाहिट’ हा शब्द शोधून आणला. खेळ सुरू करताना ‘प्रिन्स’पुढे तो टाकला की मजले ओलांडता यायचे. आम्ही ते भराभर ओलांडले, आणि राजपुत्र कळायचा राहूनच गेला.

जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने हा खेळ ॲपल टू संगणकासाठी रचला. १९८९ साली तो बाजारात आला. आपण खेळलो ती नंतरची डॉस आवृत्ती. मेकनरने धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून धावायला, उड्या मारायला लावलं, व्हिडिओवर टिपलं आणि त्यातली एकेक आकृती संगणकात उतरवली. तलवारबाजी १९३८च्या रॉबिन हूडच्या चित्रपटावरून घेतली. म्हणून या राजपुत्राला वजन आहे. मारिओला हवेतही वळवता येतं. हा एकदा उडाला की उडाला. धावताना कळ सोडली तरी पाय घसरत पाऊलभर पुढे जातोच, आणि नेमके तिथे सुळे असतात. चेहरा म्हणाल तर चार-दोन ठिपके. माणूस ओळखायचा तो चालीवरून.

मेमरी इतकी तोकडी, की नव्या शत्रूच्या आकृत्यांना जागा नव्हती. मेकनरने राजपुत्राच्याच आकृत्या ठिपकाभर सरकवून एकमेकींवर टाकल्या आणि त्यातून छाया-राजपुत्र निघाला. आरशातून उडी मारली की तो बाहेर पडतो. शेवटी समोर येतो तेव्हा त्याच्यावर केलेला वार आपल्यालाच लागतो. तलवार म्यान केल्याशिवाय सुटका नाही. चणचणीतून सुचलेली ही युक्ती मला या खेळातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. भरपूर मेमरी असती तर बहुधा एखादा राक्षस आला असता!

२००७मध्ये गेमलॉफ्टने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया क्लासिक’ काढला. नकाशे जुनेच, चित्रं त्रिमित, हालचाल अधिक सफाईदार. तळघरातला उजेड सुरेख आहे, वादच नाही. माझी तक्रार त्या सफाईबद्दल आहे. भाचीला दोन्ही खेळ दाखवले. जुन्यात ती पहिल्याच मजल्यावर सुळ्यांवर पडली आणि मग कडेला येऊन शिफ्टची कळ दाबत एकेक पाऊल टाकू लागली. नव्यात बिनधास्त धावली. ती दबकी पावलं हाच तर खेळ होता.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. २००३चा ‘द सँड्स ऑफ टाइम’ हा याच घराण्याचा त्रिमित वारस, कथा मेकनरचीच. जुन्या खेळात गेलेलं मिनिट गेलं. इथे खंजिराच्या जोरावर वेळ मागे फिरवता येते. या खेळाचा नवा अवतार घडवण्याचं काम युबिसॉफ्टने आपल्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे दिलं. दौंडहून शटलने जाऊन-येऊन नोकरी करता येईल अशा शहरात राजपुत्र घडत होता! सप्टेंबर २०२०मध्ये झलक आली आणि टीका तुटून पडली ती चित्रांवर, चेहऱ्यांवर. जानेवारी २०२१ची तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत लांबली. मे २०२२मध्ये काम मॉन्ट्रियलला गेलं, जिथे २००३चा खेळ घडला होता.

झलकेतली चित्रं फिकी होती, हे मान्य. जिल्ह्यातलं आहे म्हणून पदरात घ्यावं असं मी म्हणणार नाही. पण ज्या राजपुत्राला मुळात चेहराच नव्हता त्याचा निकाल चेहऱ्यावरून लागावा? भिंतीवरून धावताना तोल कसा जातो, कडा हातात कशी येते, हे झलक पाहून कळत नाही. त्याला कळा हाताखाली लागतात. पुण्यातल्या मंडळींनी ती चाल कशी बसवली होती, हे खेळून पाहायला आपल्याला मिळालंच नाही.