पोकळीचं गणित आणि माळीणचा उतार

माती-यांत्रिकीत संशोधन करायचं ठरवलंत, तर ‘कॅव्हिटी एक्सपान्शन’ हा शब्द तुमच्या वाट्याला येणारच. मराठीत त्याला पोकळी-प्रसरण म्हणू. कल्पना साधी आहे. जमिनीत एक नळीसारखी पोकळी आहे आणि तिच्या आतून दाब वाढवत नेला. माती किती मागे सरकेल, आणि कुठल्या दाबाला पूर्णपणे हार मानेल? या शेवटच्या दाबाला मर्यादा-दाब म्हणतात. प्रेशरमीटर चाचणीचे आकडे वाचायला, शंकू-चाचणीचा अर्थ लावायला, पाइल ठोकताना आजूबाजूच्या मातीचं काय होतं ते बघायला हेच गणित वापरतात.

आधी त्याचं कौतुक करू, कारण ते खरोखर देखणं आहे. गिब्सन आणि अँडरसन यांनी १९६१ मध्ये पाण्याने भरलेल्या चिकणमातीसाठी सूत्र दिलं. मातीचा कातर-कडकपणा भागिले कातर-ताकद, या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग घ्या, त्यात एक मिळवा, ताकदीने गुणा आणि जमिनीतला मूळ दाब मिळवा. झाला मर्यादा-दाब. ताकद ५० किलोपास्कल, कडकपणा ५००० आणि मूळ दाब ५० धरला, तर उत्तर साधारण ३३० येतं. आता समजा कडकपणा मोजताना तुमची चूक झाली आणि तो दुप्पट धरला गेला. तरी उत्तर ३६५ च्या आसपासच राहतं. लॉगमुळे चूक दबून जाते. इंजिनिअरला असं सूत्र आवडणारच.

माझी तक्रार सूत्राबद्दल नाही. ते कुठे उचलून ठेवलं जातं, याबद्दल आहे.

पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातलं माळीण घ्या. ३० जुलै २०१४ रोजी मुसळधार पावसात डोंगर गावावर आला आणि १५१ माणसं गेली. पोकळी-प्रसरणाचा सिद्धांत दरडींसाठी बनलेला नाही, हे मान्य. मग मी माळीण इथे का आणतेय? कारण अशा उताराची स्थिरता तपासायची तर मातीची ताकद लागते. ती जागेवर प्रेशरमीटरने मोजली, तर वक्रावरून ताकद काढून देणारं गणित हेच असतं. तिथे घेतलेली गृहीतकं पुढच्या प्रत्येक आकड्यात गुपचूप जाऊन बसतात.

पहिलं गृहीतक: माती सगळीकडे सारखी. वरच्या उदाहरणात मर्यादा-दाबाला पोचेपर्यंत पोकळीच्या त्रिज्येच्या दहापट अंतरापर्यंतची माती कायमची विस्कटते. भोक ७६ मिलिमीटर व्यासाचं असेल, तर हे अंतर सुमारे ३८ सेंटिमीटर. पश्चिम आंबेगावच्या डोंगरउतारावर तेवढ्या अंतरात तांबडी माती, मुरूम आणि एखादा बसाल्टचा धोंडा, तिन्ही सापडू शकतात. वक्र तरीही गुळगुळीत येऊ शकतो, आणि धोका नेमका तिथेच आहे.

दुसरं: सगळ्या बाजूंनी मूळ दाब सारखा. सपाट जमिनीवर हे बऱ्यापैकी चालतं. उतारावर डोंगराकडची बाजू आणि दरीकडची बाजू सारखी कशी असेल? शिवाय प्रेशरमीटर माती आडवी ढकलतो, आणि उतार घसरतो तो तिरप्या पृष्ठावरून. एका दिशेची ताकद मोजून आपण दुसऱ्या दिशेला वापरतो.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: पाणी. हे सूत्र मातीला पूर्ण भिजलेली धरतं. आपल्याकडचा शेतकरी कोरडं आणि चिखल यांच्या मधल्या अवस्थेला ‘वाफसा’ म्हणतो. सूत्रात वाफशाला जागाच नाही. अर्धवट ओल्या मातीत कणांमधलं पाणी कणांना एकमेकांकडे ओढून धरतं. पाऊस मुरत गेला की ही ओढ संपते आणि तिच्यातून आलेली ताकदही जाते. मे महिन्यात चाचणी घेतलीत, तर तुम्ही मे महिना मोजलात. उतार जुलैत पडतो.

या सिद्धांताचं मूळ बघितलं की हे सगळं का होतं ते कळतं. बिशप, हिल आणि मॉट यांनी १९४५ मध्ये धातूत टोक दाबलं की काय होतं, यासाठी हे गणित वापरलं होतं. धातू एकसारखा असतो आणि त्याला पावसाशी देणंघेणं नसतं.

संशोधक इथेच थांबले असं मात्र म्हणता येणार नाही. रसेल आणि खलिली यांनी २००६ मध्ये अर्धवट ओल्या मातीसाठी उत्तरं मांडली. पण तिथे मातीचे आणखी गुणधर्म लागतात आणि उत्तर कागदावर एका ओळीत मावत नाही. म्हणून घाईच्या वेळी हात जुन्या सूत्राकडेच जातो. माझाही गेलाय.

मग हे गणित टाकून द्यायचं का? अजिबात नाही. जुन्नरच्या पूर्वेला, नारायणगावच्या बाजूला सपाट काळी माती घ्या. पावसाळ्यानंतर ती नीट भिजलेली असताना गृहीतकं पुष्कळ जवळ येतात. तीच माती उन्हाळ्यात भेगाळली, की पुन्हा दूर जातात. म्हणजे सूत्र बरोबर की चूक हा प्रश्नच अपुरा आहे. कुठे आणि कधी, हे विचारायला हवं.

तुम्ही सुरुवात करणार असाल तर एक काम करा. कुठलंही सूत्र वापरण्याआधी वहीत तीन रकाने आखा: सूत्र काय धरून चालतं, जागेवर काय आहे, आणि फरकामुळे उत्तर धोक्याच्या बाजूला जातं की सुरक्षित बाजूला. तिसरा रकाना भरता आला नाही, तर कदाचित तुमच्या संशोधनाचा विषय तिथेच आहे. आणि तुमच्या प्रपोजलमध्ये चाचणीचा महिना लिहिलाय का, तेही एकदा बघा.