मिशनच्या आवाहनपत्रांतील ‘संप्रदान’

दुर्गम आणि दरिद्री खेड्यांत धर्मकार्यासाठी जाऊ इच्छिणारा ख्रिस्ती मनुष्य प्रवासापूर्वी आपल्या मंडळीच्या सभासदांना, आप्तांना आणि स्नेह्यांना एक पत्र धाडतो. ह्या पत्राचा घाट आता इतका ठरून गेला आहे की, तो एक स्वतंत्र लेखनप्रकार मानावयास हरकत नाही. आरंभी अभिवादन आणि ईश्वरी पाचारणाचा उल्लेख. त्यानंतर खेड्याचे वर्णन, म्हणजे रस्ता नाही, दवाखाना नाही, शाळा नाही, शुभवर्तमान पोहोचलेले नाही. मग करावयाच्या कामांची यादी. मग खर्चाचा आकडा आणि तो जमविण्याची मुदत. आणि शेवटी, ज्यांना द्रव्य देणे शक्य नसेल त्यांनी निदान प्रार्थनेने साहाय्य करावे, अशी विनंती. अशा पत्रांचा विचार सामान्यतः धर्मशास्त्राच्या किंवा समाजकार्याच्या अंगाने केला जातो. प्रस्तुत लेखात तो भाषेच्या अंगाने केला आहे. कारण ज्या खेड्यासाठी पत्र लिहिले जाते त्या खेड्याला पत्रात कोणते स्थान मिळते, हा प्रश्न मुळात व्याकरणाचा आहे, आणि पुढील कार्याचे बरेचसे बरेवाईट त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

आवाहनपत्रातील वाक्यांची साधारण रचना पाहावी. ‘आम्ही’ हा कर्ता, ‘तुम्ही’ हा संबोधित, आणि खेड्यातील लोक ‘त्यांना’ ह्या रूपाने वाक्याला जोडलेले: आम्ही त्यांना औषधे देऊ, त्यांना शिकवू, त्यांना वचन ऐकवू. पाणिनीय परिभाषेत देण्याच्या क्रियेतील ह्या कारकास ‘संप्रदान’ म्हणतात, आणि पाणिनीने केलेली त्याची व्याख्या येथे मोठी उद्बोधक आहे. कर्ता कर्माच्या द्वारे ज्याला उद्देशितो, ते संप्रदान. म्हणजे संप्रदान ठरते ते कर्त्याच्या अभिप्रायावरून. घेणाऱ्याच्या इच्छेचा त्या व्याख्येत उल्लेखही नाही. मराठीत मात्र ह्याच प्रत्ययांचा आणखी एक नित्याचा उपयोग आहे. ‘मुलाला भूक लागली’, ‘तिला शाळा हवी आहे’, ‘त्यांना हे पटत नाही’ ह्या वाक्यांत चतुर्थीचे पद घेणाऱ्याचे नसून अनुभवणाऱ्याचे आहे. भूक, इच्छा आणि नकार ह्यांचा धनी तो आहे. प्रत्यय एकच, पण एके ठिकाणी माणूस हा दानाचे टोक असतो आणि दुसऱ्या ठिकाणी इच्छेचा आरंभ. आवाहनपत्राची परीक्षा करावयाची ती ह्या दोहोंपैकी कोणती चतुर्थी त्यात वावरते, हे पाहून.

ह्या प्रकाराचा उगम शोधू गेल्यास नव्या करारातील पौलाच्या पत्रांपर्यंत जावे लागते. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल स्पेनला जाण्याचा आपला बेत कळवितो आणि रोमच्या मंडळीने आपल्याला त्या वाटेस लावून द्यावे, अशी अपेक्षा व्यक्त करतो. प्रवासासाठी साहाय्य मागणारे हे एक अतिप्राचीन पत्र होय; पण स्पेनमधील लोकांच्या दैन्याचे एकही वाक्य त्यात नाही. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात दारिद्र्याचे वर्णन येते खरे. परंतु ते येते मासेदोनियातील मंडळ्यांसंबंधी, आणि त्या मंडळ्या तेथे घेणाऱ्या नसून देणाऱ्या आहेत. अत्यंत गरिबीतही ह्या कार्यात आपला वाटा घ्यावा म्हणून त्यांनीच आग्रह धरला, असे पौल सांगतो. अर्थात दरिद्री मनुष्य येथे कर्त्याच्या स्थानी आहे. पुढील काळातील आवाहनांनी पौलाचा आदर्श वारंवार सांगितला. त्याची वाक्यरचना मात्र क्वचितच उचलली.

आधुनिक आवाहनाचा पाया विल्यम केरी ह्यांनी १७९२ साली लेस्टर येथे प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेने घातला. परधर्मीयांच्या धर्मांतरासाठी उपाय योजणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे काय, ह्याची चिकित्सा तीत आहे. तिच्या तिसऱ्या प्रकरणात जगातील देशांची कोष्टके दिलेली आहेत: देश, त्याची लांबी, रुंदी, रहिवाशांची संख्या आणि धर्म. शेवटच्या प्रकरणात प्रार्थना, संस्थेची स्थापना आणि वर्गणी ह्यांचा विचार असून, दर आठवड्यास एक पेनी वा अधिक, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे, काढून ठेवावी, असे सुचविले आहे. वेस्ट इंडीजमधील साखर अन्यायाने निर्माण होते म्हणून ती वर्ज्य करणाऱ्या कुटुंबांचे आठवड्याला सहा पेन्स किंवा एक शिलिंग वाचते, तेही ह्या कार्यास उपयोगी पडेल, असा हिशेबही केरी मांडतात. ह्या दोन प्रकरणांतील अंतर लक्षणीय आहे. देणाऱ्याच्या स्वयंपाकघरातील साखरेपर्यंत लेखकाची दृष्टी पोहोचते. घेणारा मात्र कोष्टकाच्या एका रकान्यात संख्या होऊन राहतो.

भाषेच्या अभ्यासकाला ह्या पुस्तिकेतील आणखी एक स्थळ महत्त्वाचे वाटेल. दूरदेशी जाण्याविरुद्धचे आक्षेप खोडून काढताना केरी तेथील भाषांच्या अडचणीचाही विचार करतात, आणि कोणत्याही लोकांची भाषा आपले म्हणणे सांगण्याइतकी शिकावयास फार तर एक-दोन वर्षे लागतात, असा निर्वाळा देतात. पुढे त्यांचे स्वतःचे सारे आयुष्य ह्या विधानाला उत्तर देण्यात गेले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. बंगालमध्ये त्यांनी चार दशके काढली. फोर्ट विल्यम महाविद्यालयात मराठी शिकविली. १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मोडी टंकांत छापलेला मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. ह्या कार्यात वैजनाथ शर्मा ह्यांच्यासारख्या पंडितांचे साहाय्य त्यांना घ्यावे लागले. आवाहन लिहिणारे केरी आणि कोश रचणारे केरी ह्यांच्या वृत्तीतला फरक येथे स्पष्ट होतो. ‘आपले म्हणणे सांगणे’ एवढाच हेतू असेल तर एक-दोन वर्षे पुरतात. समोरच्याचे म्हणणे समजून घ्यावयाचे तर कोशकाराला शिष्य होऊन बसावे लागते. कोशात भाषा बोलणारा हाच प्रमाण असतो, आणि परकीय पंडित विचारणारा.

केरींची ही दोन रूपे कालक्रमाने एकामागून एक येतात. पण खेड्याजवळ राहूनही आवाहनाची भाषा बदलत नाही, ह्याचे उदाहरण मुंबईत सापडते. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल हे १८१३ च्या आरंभी मुंबईस आले आणि सॅम्युअल न्यूएल हे त्यानंतर त्यांना येऊन मिळाले. ह्या दोघांनी लिहिलेले जगाच्या धर्मांतरासंबंधीचे पुस्तक १८१८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. साठ कोटी लोकांचा ख्रिस्ती मंडळ्यांवरील हक्क, असा आशय त्याच्या नावातच आहे, आणि त्यासाठी तीस हजार मिशनरी धाडावेत, अशी त्यातील मागणी आहे. सरळ भागाकार केला तर वीस हजार माणसांमागे एक मिशनरी येतो. लेखक मराठी बोलणाऱ्यांत राहत होते, रस्त्यांवर आणि देवळांपाशी त्यांच्याशी वाद घालीत होते. परंतु अमेरिकेतील वाचकाकडे तोंड वळविताच ती बोलणारी माणसे लोपतात आणि त्यांच्या जागी भागाकार येतो. ‘हक्क’ हा शब्द तेवढा ह्या पुस्तकाचे वैशिष्ट्य म्हणून नोंदविला पाहिजे, कारण हक्क सांगणारा कोणी असावा लागतो. पण तो हक्क साठ कोटींच्या वतीने इतरांनीच सांगितलेला आहे.

ह्या टीकेत व्यक्तींच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचा उद्देश नाही. न्यूएल १८२१ साली मुंबईतच पटकीने वारले. हॉल १८२६ च्या मार्चमध्ये नाशिककडील दौऱ्यावर असताना, पटकीच्या रोग्यांना औषधे वाटून परतत असता, त्याच रोगाने वाटेत मृत्यू पावले. अशा माणसांच्या निष्ठेपुढे समीक्षकाने नम्रच असले पाहिजे. तरीही निष्ठा ही लेखकाची असते आणि वाक्यरचना ही प्रकाराची. निष्ठावंत लेखकालाही प्रकार आपल्या साच्यात ओढून घेतो, हेच येथे दिसते.

हा साचा मोडणारे आवाहन एका मराठी स्त्रीने लिहिले. पंडिता रमाबाईंचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे इंग्रजी पुस्तक १८८७ साली फिलाडेल्फिया येथे प्रसिद्ध झाले. त्याचा विषय खेडी हा नाही, बालविधवा हा आहे. पण अमेरिकन ख्रिस्ती वाचकांकडे द्रव्य मागणारे ते पुस्तक असल्याने प्रकार तोच आहे, आणि त्याचे शेवटचे प्रकरण उघडपणे आवाहनाचेच आहे. रमाबाईंनी १८८३ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता; त्या स्वतः विधवा होत्या. म्हणून ह्या पुस्तकातील ‘त्या’ आणि ‘आम्ही’ ह्यांच्यामध्ये भिंत नाही. हिंदू स्त्रीच्या गरजा सांगताना त्या तीनच सांगतात: स्वावलंबन, शिक्षण आणि देशी शिक्षिका. पहिली गरज अशी की, ती कोणी कोणाला देऊच शकत नाही. आणि तिसरीमुळे साहाय्य घेणारीच उद्याची शिकविणारी ठरते. योजलेल्या गृहांत विधवांना जात गमावण्याचे भय राहू नये आणि त्यांच्या धर्मश्रद्धेस धक्का लागू नये, अशी हमीही तेथे आहे. ती छापली गेली अमेरिकन वाचकांसाठी. पण तिचा खरा धनी महाराष्ट्रातील विधवा आणि तिचे नातलग होते.

ह्या हमीचे महत्त्व लवकरच कळून आले. बोस्टन येथे १८८७ च्या डिसेंबरात स्थापन झालेल्या मंडळाने दहा वर्षांच्या साहाय्याचे आश्वासन दिले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. ते पुण्यास गेल्यानंतर काही विधवांचा कल ख्रिस्ती धर्माकडे होत असल्याचा बोभाटा झाला, आणि १८९३ साली रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्या वादात न्याय कोणाकडे होता, हा ह्या लेखाचा विषय नाही. येथे एवढेच पाहावयाचे की, दूरदेशी छापलेल्या आवाहनातील शब्द पुण्यात तपासले गेले. ज्यांच्याविषयी ते लिहिले होते त्यांच्या समाजाने त्यांचा जाब विचारला. केरींच्या कोष्टकाला असा जाब विचारला जाणे शक्य नव्हते. रमाबाईंच्या आवाहनाला तो विचारला गेला, हा त्याचा कमीपणा नाही. ते ऐकू येण्याजोग्या भाषेत बोलले होते, ह्याचा तो पुरावा आहे.

शिवाय १८८९ मध्येच रमाबाईंनी युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि आपले प्रवासवृत्त मराठीत प्रसिद्ध केले. ह्या पुस्तकात अमेरिकन माणसे तृतीय पुरुषी झाली आणि मराठी वाचक संबोधित झाला. ज्यांच्याकडे साहाय्य मागितले त्यांचेही निरीक्षण आणि गुणदोषविवेचन आपल्या माणसांपुढे मांडता येते, हे त्यांनी दाखवून दिले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराश्रित मुली आणून त्यांनी केडगावचे मुक्ती सदन उभारले, तेव्हा आवाहनाचा संबंध खेड्यापाड्यांशीही जुळला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विमानप्रवास सुलभ झाला आणि आयुष्यभराच्या मिशनच्या जोडीला एक-दोन आठवड्यांच्या मिशन-सहली सुरू झाल्या. केरींची ‘एक-दोन वर्षे’ही आता उरली नाहीत, भाषा न शिकताच जाणे हा नियम झाला. १९६८ च्या एप्रिलमध्ये इव्हान इलिच ह्यांनी मेक्सिकोच्या खेड्यांत उन्हाळी सेवेसाठी जाणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांपुढे जे कठोर भाषण केले, त्याचा गाभा ह्याच ठिकाणी होता. तुम्हाला सेवाच करावयाची असेल तर ज्यांचा नकार तुम्हाला कळू शकेल अशा गरिबांत ती करा, असे त्यांचे सांगणे होते. सामाईक भाषा नसेल तर ‘त्यांना हे नको आहे’ हे वाक्य तयारच होत नाही, आणि नकार ऐकू न आल्याने संमती गृहीत धरली जाते.

समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हेर बीक ह्यांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ह्या प्रश्नाची व्यावहारिक बाजू पुढे आणली. १९९८ च्या मिच वादळानंतर होंडुरासमध्ये बांधलेल्या घरांविषयी तो आहे. स्थानिक ख्रिस्ती संस्थेने बांधविलेल्या घरास सुमारे दोन हजार डॉलर लागत. उत्तर अमेरिकेतून घरे बांधण्यास येणाऱ्या एकेका गटाचा खर्च सुमारे तीस हजार डॉलर होई. घर परदेशी गटाने बांधले की स्थानिक लोकांनी, ह्यामुळे कुटुंबांच्या स्थितीत उल्लेखनीय फरक पडल्याचे आढळले नाही. हा निष्कर्ष निघाला, कारण कोणीतरी त्या कुटुंबांना विचारले. आवाहनपत्रांत हे विचारणे सहसा होत नाही.

ह्यावर असा आक्षेप घेता येईल की, पत्र देणाऱ्याला लिहिलेले असते; त्यात देणाऱ्याशीच बोलणे स्वाभाविक आहे. आक्षेप अंशतः खरा आहे. पण पौलाचे पत्रही देणाऱ्यांनाच लिहिलेले होते आणि रमाबाईंचे पुस्तकही. संबोधित कोण, ह्यावरून अनुपस्थिताचे कारक ठरत नाही. ते लेखक ठरवितो. दुसरा आक्षेप असा की, दैन्याचे वर्णन केल्यावाचून द्रव्य मिळत नाही. हा अनुभवाचा भाग असेल; तथापि ‘नाही-नाही’ अशा यादीने रंगविलेल्या खेड्यात पोहोचणारा मनुष्य तेथे काय आहे हे पाहण्यास आधीच अपात्र झालेला असतो. तेथील सुईण, वैदू, शाळामास्तर, आणि कित्येकदा तेथे पूर्वीपासून असलेली लहानशी ख्रिस्ती मंडळीसुद्धा, त्याच्या दृष्टीस पडत नाही. कारण त्याच्या पत्रात त्यांना नामच मिळालेले नसते.

म्हणून अशा पत्रांच्या परीक्षेस एक साधी कसोटी सुचविता येते. ते खेड्याच्या बोलीत उतरवावे आणि तेथील पारावर, त्या लोकांसमक्ष, मोठ्याने वाचावे. जे वाक्य वाचताना वाचणाऱ्याची जीभ अडखळेल, ते वाक्य मूळ पत्रातही नसावे. आणि वाचून झाल्यावर ऐकणाऱ्यांपैकी कोणी ‘आम्हाला हे नको, ते हवे आहे’ असे म्हणाला, तर दुसरे पत्र तेथूनच लिहावयास घ्यावे.