स्टील पल्स : ध्वनिमुद्रिकांच्या वाटचालीची चिकित्सा

प्रस्तावना

१९६० च्या दशकाच्या अखेरीस जमैकात आकाराला आलेले रेगे संगीत स्थलांतरित कॅरिबियन समाजाबरोबर ब्रिटनमध्ये रुजले. बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ भागात १९७५ मध्ये स्थापन झालेला 'स्टील पल्स' हा वाद्यवृंद त्याचे महत्त्वाचे उदाहरण होय. गायक व गीतकार डेव्हिड हाइंड्स यांच्या नेतृत्वाखालील या वाद्यवृंदाची वाटचाल 'आरंभीचा विद्रोह, मधली तडजोड आणि अखेरचे पुनरागमन' अशी सहज मांडता येते. ही मांडणी सोयीची असली तरी अपुरी आहे. या गीतांचे सामर्थ्य वाद्यमेळातील बदलांपेक्षा अनुभवाच्या नेमकेपणावर अधिक अवलंबून राहिले, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

स्थानिकतेचे सामर्थ्य

'हँड्सवर्थ रेव्होल्यूशन' (१९७८) या पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या नावातच एका वस्तीचा पत्ता आहे. 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' या वंशवादविरोधी चळवळीच्या व्यासपीठावरून गाणाऱ्या या तरुणांना आपला श्रोता आणि आपला विरोधक दोन्ही ठाऊक होते. 'ट्रिब्यूट टू द मार्टर्स' (१९७९) मध्ये दक्षिण आफ्रिकेतील स्टीव्ह बिको यांचे स्मरण आहे. येथे भूगोल विस्तारला, तरी विषय एका विशिष्ट मृत्यूचा आहे. अमूर्त अन्यायाचा नव्हे. 'कॉट यू' (१९८०) नृत्यसंगीताकडे झुकली. त्यानंतर आयलंड कंपनीशी असलेला संबंध संपला. डेन्मार्कमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या 'ट्रू डेमॉक्रसी' (१९८२) ने मात्र मार्कस गार्वी यांच्या विचारपरंपरेशी नाते जोडून गमावलेली दिशा परत मिळवली.

बाजारपेठ आणि आशय

'बॅबिलोन द बँडिट' या ध्वनिमुद्रिकेस १९८७ मध्ये ग्रॅमी पुरस्कार लाभला. तिच्यात सिंथेसायझरचा वापर ठळक आहे. 'व्हिक्टिम्स' (१९९१) मध्ये अमेरिकी श्रोत्याला रुचतील अशा गुळगुळीत प्रेमगीतांचा भरणा आहे. तथापि त्याच संचातील 'टॅक्सी ड्रायव्हर' हे गीत वेगळे ठरते. कृष्णवर्णीयाला पाहून न थांबणारी टॅक्सी हा रोजचा अपमान त्याचा विषय आहे. १९९२ मध्ये वाद्यवृंदाने न्यूयॉर्कच्या टॅक्सी नियामक मंडळाविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. वाद्यमेळ व्यापारी वळणाचाच असूनही हे गीत बोचते, कारण त्यामागे घडलेला प्रसंग आहे. केवळ ध्वनीला दोष देणारी समीक्षा येथे निरुत्तर होते.

याची उलट बाजू 'आफ्रिकन होलोकॉस्ट' (२००४) मध्ये दिसते. मूळ रेगेच्या ठेक्याकडे वळूनही तिची शब्दकळा अनेकदा घोषणेच्या पातळीवर राहते. शतकांची वेदना एका शीर्षकात मावते. गीतात मात्र ती एखाद्या माणसाच्या रूपानेच प्रकट व्हावी लागते. पंधरा वर्षांनी आलेल्या 'मास मॅनिप्युलेशन' (२०१९) मध्येही हा ताण कायम आहे. जगव्यापी कटकारस्थानांवरील गीतांपेक्षा पोलिसी गोळीबारावरील 'डोन्ट शूट' अधिक परिणामकारक वाटते.

निष्कर्ष

एखाद्या वाद्यवृंदाचे दीर्घायुष्य हे आपोआप त्याच्या निष्ठेचे प्रमाण ठरत नाही, तसेच ध्वनीतील बदल हा द्रोहाचा पुरावाही ठरत नाही. स्टील पल्सने तंत्र, कंपन्या व श्रोतृवर्ग बदलले. अन्यायाचा विषय सोडला नाही. मात्र ज्या ज्या वेळी त्या अन्यायाला ठिकाण, प्रसंग आणि माणूस लाभला, त्या त्या वेळीच त्याचे गीत झाले. निषेधाच्या कलेचे मूल्यमापन करताना 'काय म्हटले' याच्याइतकाच 'कोठे उभे राहून म्हटले' हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.